जयंतीला, पौर्णिमेला घर सजवताना : टेबल, खोली आणि येणारा पाहुणा

बावडा हे इंदापूरहून अकलूजकडे जाताना लागणारे मोठे गाव. ऊस, डाळिंब, द्राक्षे आणि हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग, असे ते आज दिसते. आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना मात्र हे नाव वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९७२ साली येथील दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा ज्या घटनांनी तरुण पेटून उठले त्यांत परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव आणि पुणे जिल्ह्यातील बावडा ही दोन नावे होती. बहिष्कार म्हणजे दुकान बंद, गिरणी बंद, रानातले काम बंद आणि कुणी कुणाच्या दारात जायचे नाही.

आज याच परिसरात १४ एप्रिलला घरांवर निळ्या माळा लागतात, वैशाख पौर्णिमेला खिरीचे पातेले चढते, नातेवाईक आणि मित्र घरी जेवायला येतात. आम्ही बारामती-इंदापूर भागात तरुण मंडळे आणि महिला बचत गटांबरोबर काम करतो. वर्षाच्या या दिवसांत आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “ताई, घर कसं सजवायचं? आपल्यात काय चालतं?”

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दिवाळी-गणपतीची सजावट कशी करायची हे शेजारच्या घराला विचारावे लागत नाही, ते आजीकडून येते. आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घरातले देव गेले आणि तो कोनाडा मोकळा झाला. तिथे बाबासाहेबांचा फोटो आला, नंतर बुद्धमूर्ती आली. म्हणजे आपली गृहसजावटीची परंपरा जेमतेम तीन-चार पिढ्यांची आहे. ती अजून घडते आहे, आणि आपण काय करतो त्यावरच ती कशी होणार हे ठरेल. म्हणून हे टिपण. आमचे मत आधीच सांगून टाकतो : घर सजवायचे ते येणाऱ्या माणसाला बसता, बोलता आणि जेवता यावे म्हणून. फोटोत काय चांगले दिसते हा नंतरचा विचार.

कोणत्या दिवसाचा कोणता रंग

बौद्ध घरात वर्षाचे दोन हिशेब असतात, एक तारखेचा आणि एक पौर्णिमेचा. तारखेचे दिवस सगळ्यांना पाठ आहेत. सार्वजनिक आंबेडकर जयंतीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली, १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी ती केली. त्या दिवशी घरात निळा रंग असतो. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून हा निळा आपल्याबरोबर आहे. १४ एप्रिलला रोषणाई, पताका, गोडधोड, गाणी, सगळे असावे. तो आनंदाचा दिवस आहे.

वैशाख पौर्णिमेचा सूर निराळा. जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना या एका पौर्णिमेशी जोडलेल्या आहेत. इथे पांढरा आणि फिका पिवळा रंग, मोगरा, कमी दिवे. आषाढ ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासात अनेक घरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज वाचन चालते. तिथे सजावट म्हणजे स्वच्छ सतरंजी, ग्रंथ ठेवायला चौरंग आणि वाचणाऱ्याच्या पुस्तकावर पडेल असा दिवा एवढीच पुरे. सजावटीची हौस समारोपाच्या दिवसासाठी राखून ठेवावी. धम्मचक्र प्रवर्तन दिन काही जण १४ ऑक्टोबरला आणि काही जण विजयादशमीला साजरा करतात, कारण १९५६ साली हे दोन्ही एकाच दिवशी आले होते. दसऱ्याला झेंडूचे भाव चढतात, १४ तारखेला बहुधा कमी असतात, हाही एक व्यवहार.

६ डिसेंबर या यादीत येत नाही. त्या दिवशी माळा, फुगे, रंगीत दिवे लावू नयेत. पांढरी फुले, एक मेणबत्ती, पुस्तक. काही तरुण मित्र त्या दिवशीच्या फोटोवरही झगमगती चौकट लावतात. त्यांचे प्रेम खरे असते, तरी आम्ही त्यांना ती उतरवायला सांगतो.

दिवाळीचा प्रश्न दरवर्षी येतो. ‘दीपदानोत्सव’ म्हणून दिवे लावावेत, कारण सम्राट अशोकाने ८४ हजार स्तूपांचे लोकार्पण त्या दिवशी केले, असे संदेश फिरतात. ८४ हजारांचा आकडा ‘अशोकावदान’, ‘महावंस’ अशा नंतरच्या ग्रंथांतून येतो. अशोकाच्या शिलालेखांत आश्विन अमावास्येचा उल्लेख नाही. शेजारी सगळीकडे दिवे असताना आपले लेकरू अंधारात बसून राहावे असे आम्हाला वाटत नाही, दिवा जरूर लावा. पण लेकराने कारण विचारले तर जे शिलालेखात नाही ते आहे म्हणून सांगू नका. डिसेंबरमध्ये बारामतीच्या दुकानांत नाताळच्या चांदण्या टांगल्या की तसाच हट्ट होतो. चांदणी लावायला हरकत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ही गोष्ट त्या चांदणीखाली बसून सांगता येते.

वंदनेचे टेबल

घरात बुद्धवंदना होणार असेल तर एक टेबल त्यासाठी वेगळे हवे. बहुतेक घरांत टेबल नसतेच. शिलाई मशीनचे झाकलेले टेबल, दोन स्टुलांवर ठेवलेली पत्र्याची पेटी, मुलांचे अभ्यासाचे टेबल, काहीही चालते. उंची साधारण अडीच फूट असावी. वंदनेला माणसे जमिनीवर बसतात, त्यांची नजर किंचित वर जाईल इतपत. त्यावर पांढरे सुती कापड, समोरून जमिनीपर्यंत सोडलेले, बाजूंनी मुडपून टाचणी लावलेले. मंडपवाल्याकडचे चकचकीत सॅटिन दिसायला चांगले, पण त्यावरून मूर्ती घसरते आणि मेणबत्तीची ठिणगी पडली की ते वितळून पेटते. धुतलेली पांढरी चादर इस्त्री करून वापरली तर विकतचे काही लागत नाही.

मध्ये बुद्धमूर्ती, शेजारी किंवा थोडे खाली बाबासाहेबांची प्रतिमा. दोन्ही एकाच उंचीवर असाव्यात की नाही यावरून आम्ही भाऊबंदांत अबोला झालेला पाहिला आहे. इतक्या लहान गोष्टीवर घर मोडू नये. फुले हारात ओवण्यापेक्षा ताटात सुटी ठेवावीत, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला, पोराबाळांनाही, आपल्या हाताने वाहता येतात. पुष्पपूजेचा अर्थच अनित्यतेचा आहे. कोमेजणारे फूल आपल्या देहाची आठवण देते. त्या ठिकाणी वर्षभर धूळ खाणारा प्लास्टिकचा हार काय सांगणार?

इंदापूरकडे वैशाखाचे ऊन कडक असते. मोगरा सकाळी आणला तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवावा आणि वंदनेच्या अर्धा तास आधी ताटात काढावा. पंखा लावला की मेणबत्ती विझते, बंद केला की माणसे घामाघूम होतात. यावर आमच्या एका कार्यकर्तीच्या आईने काढलेला उपाय : जुन्या कंदिलाची काच मेणबत्तीभोवती ठेवायची. मेणबत्तीखाली ताटलीत वाळू घालावी. क्रेप कागदाच्या झालरी आणि मच्छरदाणीच्या कापडाचे पडदे टेबलापासून दूर असावेत.

नारळ, कुंकू, आरतीचे ताट या टेबलावर येत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे सांगावे लागू नये, पण लागते. हळूच एक एक वस्तू परत येते, बहुधा “शोभा म्हणून”. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटले, त्याची आपल्या घरातली वाट अशीच शोभेच्या दारातून असते. परित्राण पाठाला ठेवतात ते पाण्याचे भांडे आणि पांढरे सूत निराळे, त्यांची गल्लत करू नये.

झेंडा आणि चक्र

पंचशील ध्वज श्रीलंकेत तयार झाला आणि १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला तिथे पहिल्यांदा फडकला. त्याच्या पट्ट्यांचा क्रम ठरलेला आहे : काठीकडून निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी, आणि शेवटच्या सहाव्या पट्टीत हेच पाच रंग एकाखाली एक. पालीत त्यांना नील, पीत, लोहित, ओदात, मांजेट्ठ आणि या सर्वांच्या मिश्रणाला पभस्सर म्हणतात. बाजारात क्रम उलटा छापलेल्या पताका सर्रास मिळतात, घेताना बघून घ्याव्यात. भिंतीवर उभा सोडायचा तर निळा वर येईल असा. टेबलावर अंथरायला हा ध्वज वापरू नये. राष्ट्रध्वज तर नाहीच. २६ नोव्हेंबरला घरात संविधानाची प्रत मांडताना काही जण तिरंगा टेबलक्लॉथसारखा पसरतात. ध्वजसंहितेनुसार त्याला मनाई आहे.

रांगोळीत दोन चक्रांची गल्लत होते. धम्मचक्राला आठ आरे, अष्टांगिक मार्गाचे. राष्ट्रध्वजावरच्या अशोकचक्राला चोवीस. चोवीस आरे अंदाजाने काढले की एका बाजूला गर्दी होते. खडूला दोरा बांधून वर्तुळ काढा. दोऱ्याची तीच लांबी परिघावर एकापुढे एक ठेवत गेलात की ती बरोबर सहा वेळा बसते. सहा खुणांच्या मध्यावर खुणा केल्या की बारा, पुन्हा मध्यावर केल्या की चोवीस. आठ आऱ्यांसाठी उभी-आडवी रेघ मारून चारही भागांचे दोन दोन भाग केले की झाले. हे काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावे, भूमितीच्या तासाला न समजलेले इथे समजते.

२६९ चौरस फूट

रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे. त्यात कपाट, कॉट, मिक्सर, मुलांची दप्तरे आणि आता पंचवीस पाहुणे. इंटरनेटवर दिसणाऱ्या फुग्यांच्या कमानी आणि फुलांच्या भिंती अशा घरासाठी बनलेल्याच नाहीत. इथे सजावटीचे पहिले काम वस्तू आणण्याचे नसून बाहेर काढण्याचे आहे. कॉट एका दिवसासाठी ओट्यावर न्यावी, तिथे म्हातारी माणसे बसतात. आत सतरंज्या. चारही भिंती भरण्याऐवजी एकच कोपरा सजवावा, बाकी मोकळे. चिकटपट्टीने डिस्टेंपरचे पोपडे निघतात, म्हणून आधीच्या खिळ्यांना सुतळी बांधून त्यावर चिमट्यांनी कागद लावावेत. दिव्यांची माळ घरच्या मीटरवर, खांबावर आकडा टाकून नव्हे. अवकाळी वाऱ्यात तार तुटली तर काय होते ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

थर्माकोलवर महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली. तरी थर्माकोलची संसद आणि थर्माकोलचा स्तूप अजून दिसतात. किराणा दुकानातून मोकळे खोके आणले तर सांचीचे तोरण पुठ्ठ्यातून छान कापता येते. पिंपळाची पाने दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवून हलक्या हाताने धुतली की जाळी उरते, ती निळ्या कागदावर चिकटवून निमंत्रणाचे कार्ड होते.

कंदिलाबद्दल थोडे सविस्तर. श्रीलंकेत वेसाकला, म्हणजे आपल्या वैशाख पौर्णिमेला, घरोघर बांबू आणि पातळ कागदाचे कंदील लागतात, त्यांना ‘वेसाक कूडू’ म्हणतात. त्यातला अष्टकोनी प्रकार आपल्या आकाशकंदिलापेक्षाही सोपा आहे. वीतभर लांबीच्या २४ सारख्या कामट्या घ्या. चार चार बांधून सहा चौकोन करा. एक चौकोन आडवा ठेवून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे बांधा, त्यांची बाजूची टोके एकमेकांना बांधा, आणि वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन. मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. चौकोनांना पांढरा आणि त्रिकोणांना पंचशीलाचे रंग, पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ. वरचा चौकोन उघडा ठेवून आत लहान एलईडी बल्ब. एका संध्याकाळी चार पोरे मिळून दोन कंदील करतात.

आणखी एक. हे सगळे करते कोण? पहाटे चारला उठून फरशी पुसणारी, भांडी घासणारी बाई वंदनेच्या वेळी स्वयंपाकघरात असते आणि फोटोत नसते. मिरवणुकीचे नियोजन करणाऱ्या मुलांनी आदल्या दिवशी दोन तास झाडू आणि बादली हातात घ्यावी, हे आम्ही प्रत्येक बैठकीत बोलतो. ऐकतात फार थोडे.

जेवणाचे टेबल आणि पाण्याची बाटली

मुख्य मुद्दा इथे आहे. खीर सगळ्यांकडे असते. सुजाताने दिलेल्या खिरीची गोष्टही सगळ्यांना ठाऊक असते. ताटांसाठी बचत गटाने एकदाच स्टीलचा संच घेतला की वस्तीतल्या सगळ्या घरांना पुरतो. तो नसेल तर उसाच्या चिपाडापासून केलेल्या प्लेटा मिळतात. या साखरपट्ट्यात तरी प्लास्टिक लावलेल्या कागदी प्लेटांची गरज नसावी. पंगत की बुफे हा वाद निरर्थक आहे. गुडघे दुखणाऱ्याला खुर्ची द्यावी, बाकीच्यांनी खाली बसावे.

पण मागे एका घरी आम्ही जे पाहिले ते सांगतो. घर सुंदर सजवले होते. पुढच्या खोलीत मंडपवाल्याचे टेबल, त्यावर निळे कापड, काजू-बदामाच्या बशा, सीलबंद पाण्याच्या बाटल्या आणि भोवती चार गादीच्या खुर्च्या. घरची माणसे आणि वस्तीतले म्हातारे बाहेर ओट्यावर माठातले पाणी पीत बसलेले. टेबल कुणासाठी, असे विचारल्यावर घरातल्या मुलाने गावातल्या काही प्रतिष्ठितांची नावे घेतली. बाटल्या कशाला? तो हळू आवाजात म्हणाला, “आपल्या माठातलं घेतील, न घेतील. उगीच अवघडल्यासारखं नको.”

मुलगा शिकलेला, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. त्याने पाहुण्याला अपमान करण्याची वेळच येऊ दिली नाही, स्वतःच तो आधी करून ठेवला. १९७२ ला बहिष्कार दुसऱ्याने घातला होता. इथे सीलबंद बाटलीने तेच अंतर, अर्थात फार सौम्य रूपात, आपण आपल्या पैशाने मांडले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर लोक गेले ते पाण्यासाठीच ना?

त्यानंतर आम्ही एक साधी मांडणी सुचवायला लागलो. टेबल एकच. त्याच्या मध्यभागी, जिथे फुलदाणी असते तिथे, धुतलेला नवा माठ आणि एकसारखे पेले. माठाला पांढऱ्या फुलांची एक माळ. घरमालकाने स्वतः पाणी भरून पहिला पेला वस्तीतल्या सर्वांत वयस्कर बाईला द्यायचा, मग जो पाहुणा असेल त्याला. राखीव खुर्ची नाही, वेगळी बशी नाही. ज्यांना अवघड वाटते ते चहा घेऊन जातात, कुणी तेवढाही घेत नाही. पण त्या मुलाच्या घरी पुढच्या पौर्णिमेला शेजारच्या मळ्यातले एक गृहस्थ दोन पेले पाणी पिऊन, खीर खाऊन, वर थोडी डब्यात घेऊन गेले. बाटलीच्या वेळी त्यांना बोलावलेलेच नव्हते.

खर्चाचे म्हणाल तर फायनान्सचा हप्ता चालू असताना डेकोरेशनचे पॅकेज घेऊ नये. पॅकेज शेजाऱ्याने घेतले म्हणून घ्यावे लागते, याला थॉर्स्टाइन वेब्लेनने १८९९ सालीच दिखाऊ उपभोग असे नाव देऊन ठेवले आहे. जयंतीच्या खर्चातून आधी मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे बाजूला काढावेत आणि उरेल त्यात माळा घ्याव्यात.

सुतळीवर गावाचा इतिहास

एका भिंतीवर सुतळी बांधून तिच्यावर वर्षांची कार्डे लावण्याची पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे : १८९१, १९२७, १९३०, १९४२, १९५६. मुले ती हौसेने लिहितात. आमची विनंती एवढीच की त्यात आपल्या गावाचे एक कार्ड असावे. बावड्याच्या घरात १९७२ चे कार्ड हवे. त्या काळात जी माणसे शाळकरी होती ती आता साठी-सत्तरीत आहेत. कार्डाखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि जेवणानंतर त्यांना बोलू द्या. त्या वेळी गाणी बंद असावीत. पुस्तकांच्या शेल्फवरचे प्लास्टिकही त्या दिवशी काढा. शासनाने छापलेले बाबासाहेबांचे ‘लेखन आणि भाषणे’चे खंड पारदर्शक पिशवीत गुंडाळून मिरवण्यासाठी नाहीत. एखादा खंड टेबलावर उघडा राहिला आणि खिरीचा डाग पडला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वज उतरवून घडी करून कपाटात ठेवावा, ऊन-पावसात चिंध्या होईपर्यंत गच्चीवर सोडू नये. फुले नदीत किंवा कॅनॉलमध्ये न टाकता परसातल्या झाडाच्या बुडाशी घालावीत. चादर धुवायला, वाळू कुंडीत, माठ रोजच्या वापरात. कंदिलाचा कागद फाटला तरी सांगाडा टाकू नका. कामट्या चार-पाच वर्षे टिकतात, आषाढ पौर्णिमेला नवा कागद लावला की झाले.